नऊशे एकतीस

जुनी डिस्क टकटक करू लागली तेव्हाच समजलो.
दारात कोणी नाही आणि टकटक,
आतल्या आत, दर चार सेकंदांनी.
मुलीच्या अकरावीचे कागद, घरपट्टीच्या पावत्या,
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन,
नवीन फोल्डर खरा,
सगळं तिच्या एका दमावर.

वाशीहून नवी आणली. एक टेराबाइट.
खोक्यावर तसं छापलेलं, बिलावरही तसंच.
घणसोली गावठाणातल्या आमच्या दीड खोलीत
कॅबिनेट आडवं पाडून पत्रा काढला,
स्क्रूंसाठी वाटी घेतली.
सुकटीची आहे ती, धुऊन तरी घ्या, बायको म्हणाली.
तोवर स्क्रू पडले होते आत.

दिसलीच नाही.
बंद केलं, चालू केलं, केबल बदलली,
उदबत्तीसुद्धा लावली, खोटं कशाला सांगू.
मग भावाचा तन्वेश आला, मागच्या दाराने,
बापाचा लोहचुंबकी स्क्रूड्रायव्हर खिशात घालून.
वाकून बघितलं त्याने आणि म्हणाला,
काका, बोलायची वायर लावलीस,
जेवायची लावलीच नाहीस.

आली मग. पडद्यावर एक लांब पट्टी,
वर काळी रेघ: कोणाच्याच नावावर नसलेली.
आणि आकडा नऊशे एकतीस.
हजारातले एकोणसत्तर कुठे गेले रे?
कंपनी हजाराने मोजते, मशीन एक हजार चोवीसने.
खोटं कोणीच बोलत नाही काका,
मापं दोन आहेत.

मला हसू आलं. ते कशाचं, त्याला कळलं नसावं.
आमच्या बाबाला साडेबारा टक्के सांगितले होते,
हातात पडले पावणेनऊ.
बाकीचे रस्त्याला, शाळेला, बागेला.
तेव्हाही कोणी खोटं बोललं नव्हतं.
बाबा कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार करत बसायचा,
उत्तर दर वेळी तेच यायचं.
आणि त्या पावणेनऊला पुन्हा दोनाने भागायचं
म्हणून ही भिंत, चार इंची,
आमच्या ओट्याच्या मधोमध.

किती भाग करायचे, पडद्याने विचारलं.
दोन कर, तन्वेश म्हणाला,
विंडोज मेलं तरी दुसरीकडचं सामान वाचतं.
वाटणीत शहाणपण असतं
हे मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही
वाटणीनंतर जन्मलेल्याकडून.
केले दोन. नावं मागितली, रिकामी सोडली.
बाबाच्या सातबाऱ्याचा फोटो मात्र
दोन्हीकडे टाकला.

कॉपी होत राहिली.
शिल्लक चार तास. शिल्लक अकरा मिनिटं. शिल्लक दोन दिवस.
स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेव हां, मी पोराला म्हटलं,
तुझा बाप मोजून ठेवतो.

रात्री सगळं निजल्यावर कळलं, ती घुमते.
पत्र्यातून टेबलात, टेबलातून भिंतीत
भुंग्यासारखी एकसुरी घरघर.
एकच्या सुमाराला पलीकडून मूठ आपटली.
दोनदा. मग आवाज,
चार वर्षांत न ऐकलेला:
तुज्याकरं काय घुमतंय रं?

नवीन डिस्क, मी म्हणालो, भिंतीला.
बराच वेळ काही नाही.
चांगली हाय?
बघू.
एवढंच. नंतर त्याचा खोकला,
पंख्याचं बटण, आणि झोप.

सकाळी जुन्या स्लिपरचा तळ कापला,
पानपट्टीच्या चुन्याच्या डबीएवढ्या चकत्या,
मधे खिळ्याने भोक पाडून
स्क्रूंखाली बसवायला.
चालू केलं, हात ठेवून बघितला.
डिस्क गार, पंखा शांत, आवाज जवळजवळ गेलेला.

स्क्रू चार होते.
चकत्या मी तीनच लावल्या.