आटणीची पट्टी

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून सोमवारीच गेलो
राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर.
हेरवाडकर सरांनी चपला बाहेर काढायला लावल्या,
एसी लावला,
कोऱ्या कागदावर आकडा लिहिला
आणि कागद माझ्याकडे फिरवला.
एक लाख चाळीस हजार.
तोंडानं उच्चारला नाही,
डॉक्टर पेशंटच्या देखत
मोठ्या आजाराचं नाव घेत नाहीत, तसं.

व्हिसा मिळणारच ना, विचारलं.
म्हणाले, तसं कुणीच सांगू शकत नाही,
जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.
तिथंच पंचाईत झाली.
खोटं बोलले असते
तर जिना उतरून निवांत घरी आलो असतो.

मी पॅटर्नमेकर. सतरा वर्षं.
पंपाचं अंग आधी मी सागवानात करतो,
मग ते लोखंडाचं होतं.
माझी पट्टी बाजारातल्या पट्टीहून लांब आहे,
शंभराला एक जास्त,
कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं
आणि ती सूट आधीच लाकडात ठेवावी लागते.
नवी पोरं कंपासपेटीतल्या पट्टीनं मापतात,
तीनशे किलोची ओतणी भंगारात जाते,
मग मालक मला हाक मारतो
आणि मी म्हणतो,
चार पैसे वाचवायला गेलात, आता भोगा.
हेच वाक्य, जरा सभ्य करून,
सरांनी मला ऐकवलं.

इर्शाद मुल्लाणीनं फॉर्म स्वतःच भरला होता.
पासपोर्टवर मुल्लाणी, शाळेच्या दाखल्यावर मुलाणी.
एका ल-पायी फी बुडाली, वर्ष गेलं.
आता चहाच्या गाड्यावर पोरं त्याला
अर्धा ल म्हणतात, आणि तोही हसतो,
पण कप पुरा पीत नाही.
शिरोलीच्या शिरगुप्प्यांनी पैसे भरले.
कागद तरी त्यांनाच गोळा करावे लागले,
कमिशनरच्या दाखल्यापासून बँकेच्या शिक्क्यापर्यंत.
एजंटानं फक्त फाईलला प्लॅस्टिक घातलं, म्हणतात.
पण तिकडून परवा फोटो आला,
जाड जाकिटात, कान लाल.

रात्री पूर्णिमानं फॉर्म मोठ्यानं वाचला.
तुम्ही नेमकं काय काम करता,
तुमच्या शब्दांत लिहा.
माझे शब्द म्हणजे ढाळ, रंधा, कोअर, आटणी,
आणि एक शिवी,
जी लाकडात गाठ लागली की येते.
सरांनी नमुना दिलाय:
अनुभवी, शिस्तप्रिय, सांघिक वृत्तीचा.
वाचून त्या माणसाबद्दल आदर वाटला.
मीही त्याला कामावर घेतला असता.

पूर्णिमा म्हणाली, दुसऱ्याच्या ओंजळीनं
किती दिवस पाणी प्यायचं?
मग थोड्या वेळानं, दिवा मालवल्यावर,
तिकडं थंडी फार असते म्हणे.
माणूस किती आटतो, ते धरलंय का कुठं?
मी झोपल्यासारखं केलं.
पट्टी आहे, पण ती लोखंडाची.

पहाटे एक गोष्ट आठवली, साधीच.
स्वतः केलेला पॅटर्न मी स्वतः तपासत नाही.
इर्शादकडे देतो.
डोळा आपल्याच चुकीला
घरचं माणूस समजून सोडून देतो.
त्यासाठी इर्शाद माझ्याकडून काय घेतो?
एक कट वडा. कधी तोही नाही.

तर आता पेन्सिल तासलीय.
पहिलं पान भरलं, नाव तीनदा ताडलं,
पूर्णिमानं चौथ्यांदा.
पुढच्या सोमवारी पुन्हा आठवी गल्ली.
चपला बाहेर काढीन, एसी नको म्हणीन.
पॅटर्न माझा आहे, सर,
तुम्ही फक्त मापून बघा.
तेवढ्याचे किती?
आणि आकडा, जमलं तर,
तोंडानं सांगा.