कुंडी बदलताना

बुधवारच्या बाजारात, भेंडीवाल्यांच्या पलीकडे,
झाडांनी भरलेला एक छोटा हत्ती उभा होता.
तीन घेतली: एक मनी प्लांट,
एक भाल्यासारखं ताठ,
आणि एक, ज्याचं नाव विकणाऱ्यालाही येत नव्हतं.
"पांढरं फूल येते मॅडम," एवढंच म्हणाला
आणि शंभराचे ऐंशी केले.

एसटीत ती माझ्या मांडीवर.
कंडक्टरनं विचारलं, यांचं हाफ काढू का?

गुंफाबाई ओट्यावर तूर पाखडत होती.
"पैसे देऊन झाडं आनली?
काहून वं सिस्टर, रान का कमी हाय?"
मी म्हटलं, ही घरात राहतात.
"घरात?" तिनं दारातून वाकून पाहिलं,
क्वार्टरच्या एका खोलीत
पाहुणे मावतील का, असं.

पहिल्यांदा चुकलेच.
दारापुढची काळी माती भरली रंगाच्या डब्यात.
बाहेर पऱ्हाटीला पुरुषभर वाढवणारी ती,
डब्यात नुसती पाणी पिऊन बसली;
मग वाळली, आणि कडेनं अशी सुटली
की भेगेत माझं बोट जावं.
बिननावाच्या झाडानं दोन पानं पिवळी केली,
रजेचा अर्ज टाकावा तशी.

गुंफाबाईनं डबा उचलला, बूड वाजवलं.
"भोक कुठं हाय याले? पानी जाईन कुठं?"

मग रविवारी, खिळा आणि दगड.
बुडाशी फुटक्या कवेलूचे तुकडे,
अडाणची रेती, चाळलेली,
वर्षभर मुरलेलं शेणखत, चहापत्तीसारखं सुटं,
काळी माती चवीपुरती.

उरलेल्या दोघांच्या पिशव्या ब्लेडनं चिरल्या.
आत लाल मातीचा गोळा,
इकडच्या कुठल्याच वावरात नसलेल्या मातीचा.
आणि मुळं गोल गोल फिरलेली,
पिशवी काढली तरी पिशवीच.
मला वाटलं होतं, सुटली की पसरतील.

टाके काढताना हात आपोआप हळू होतो,
तशी एकेक सोडवत गेले. दोन तुटली.
"तुटू दे," गुंफाबाई म्हणाली,
"जागा भेटली का नवी येतीन."
झाडाबद्दलच म्हणाली.
मी तिच्या चेहऱ्याकडे बघून खात्री करून घेतली.

आता उन्हाळा तोंडावर आहे.
खिडकीत ठेवते, पण उन्हात नाही,
कूलरच्या झोतात तर नाहीच.
रोज सकाळी बोट मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत,
ताप बघावा तसं; कोरडी लागली तरच पाणी.
लसीकरणाला दोन गावं फिरायची असली
तर रिकाम्या सलाइनची नळी, मिनिटाला चार थेंब.

ताठ झाड ताठच आहे, त्याचं काही कळत नाही.
बिननावाचं एक पान उलगडतंय, की तसंच राहणार,
सांगता येत नाही.

परवा रात्री बाळंतपणाला गेले, पहाटे परतले,
तर गुंफाबाईच्या खिडकीत
सुतळीनं टांगलेली खोकल्याच्या औषधाची बाटली,
तिच्यात माझ्या मनी प्लांटची एक फांदी.
तिनं विचारलं नव्हतं. मीही बोलले नाही.
जवळ जाऊन पाहिलं:
पाण्यात पांढरं एक मूळ, बोटाच्या नखाएवढं,
अजून कसलाच आकार न घेतलेलं,
आणि बाटलीवर माझ्याच अक्षरात:
दिवसातून तीन वेळा.