खूण

सेलूला, जिंतूर नाक्यावर, रझाकमिस्त्रीच्या शेडमध्ये
अँबेसिडरचं इंजिन आम्ही परत बांधलं.
नवे पिस्टन, नव्या रिंगा,
पुली तेवढी जालन्याच्या भंगारातली.

सेल्फ मारला की उलटं लाथाडायचं.
या भागात चढ कुठला, म्हणून रेल्वेच्या पुलावर नेली.
तिथं टकटक,
रिकाम्या डब्यात कुणी खडे हलवावेत तशी.

मी पॉइंट घासले, गॅप पाहिला,
कंडेन्सर बदललं.
वायरींचा क्रम बोटांवर मोजला,
एक-तीन-चार-दोन, परत एक-तीन-चार-दोन.
टायमिंग लाइट लावला: खूण अगदी काट्यासमोर.
टाकळकर सर तिसरा चहा पिऊन उठले.
"मंग बोंबलतीय कामून?"

मिस्त्री बाजेवरून आले. लाइट बंद केला.
प्लग काढले, पहिल्या भोकावर माझा अंगठा दाबला
आणि पान्यानं हळू फिरवू लागले.
आतून हवेनं अंगठा ढकलला.
मग सायकलची तार सोडली आत.
ती वर आली, अजून वर,
थबकली.
पिस्टन खरा तिथं माथ्यावर,
आणि पुलीवरची खूण दोन बोटं पुढं.

"इंजन झूट नै बोल्ता, बेटा.
निशान दुसरे के घर का लाया तू."

छिन्नीनं नवी खूण पाडली, चुना भरला,
डिस्ट्रिब्युटर सैल करून थोडा फिरवला,
अजून थोडा,
मिस्त्रींनी डोळे मिटले तिथं नट आवळला.

जुनी खूण मी घासून काढली नाही.
लाइट धरला की दोन्ही दिसतात:
एक काट्यासमोर उभी,
एक जरा पुढं निघून गेलेली,
माझ्यासारखी, घाईत.