वाटा

म्हापशाच्या मासळीबाजारात
बांगड्यांच्या ढिगाला वाटा म्हणतात.
वर, जिना चढून डावीकडे, माझ्या ऑफिसात
शेअरलाही तोच शब्द चालला असता.
एकोणीस वर्षं मी दलाली करतो तिथे
पंखा चालू, खिडकी बंद,
तरी वास येतोच.

उल्हास धारगळकर अस्नोड्याहून यायचे,
वीज खात्यातले निवृत्त मीटर रीडर,
शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी.
पिशवीत मिरच्या, नवलकोल,
आणि माझ्याकडून शंभर शेअर.
कंपनी रंगाचे पिंप बनवायची
दूर कुठेतरी, ज्या गावाचं नाव
आम्हा दोघांनाही नीट उच्चारता येत नव्हतं.
एकोणीस रुपयांपासून सुरुवात.
मग चोवीस. मग अडतीस.
ते चष्मा पुसून पडद्याजवळ यायचे,
मीटरचा आकडा वाचावा तसा भाव वाचायचे
आणि वहीत लिहायचे.

दोन वर्षांवर थोडे महिने झाले.
अकरा हजार शेअर, भाव चौसष्ट.
सात लाख चार हजार, वहीत, निळ्या शाईत.

मग बायकोचे गुडघे.
ऑपरेशनची तारीख चौदा.
"विकून टाक सगळे," ते म्हणाले,
गॅस बंद कर म्हणावं इतक्या सहज.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
खरेदीच्या रकान्यात एकच ओळ होती:
एकसष्ट रुपयांना सदतीस शेअर.
त्याखाली काही नाही.
म्हणजे खरंच काही नाही,
वीज गेल्यावर मीटरची चकती थांबते तसं.

"पण भाव चौसष्ट आहे ना?"
आहे.
कुणीतरी शेवटचा जो दिला तो भाव.
तुम्हाला कोण देणार, हे त्यात लिहिलेलं नसतं.

पुस्तकात याला तरलता म्हणतात.
इतका हलका शब्द,
की घेताना कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या रात्री मी एकटा बसून जुना आलेख उघडला.
रेघ कशी वर गेली ते बघितलं.
सोमवार सपाट. मंगळवार सपाट.
बुधवार, गुरुवार, मेलेल्या माणसाच्या नाडीसारखे.
आणि शुक्रवारी एक पायरी.
पुढच्या शुक्रवारी आणखी एक.
शंभर. शंभर. शंभर.
उलाढालीच्या खांबांना दुसरं कुणी नव्हतं.
धारगळकर स्वतःच्याच खांद्यावर चढत होते
आणि वरून दिसणाऱ्या देखाव्याला
बाजार म्हणत होते.
माझी दलाली मात्र
दर शुक्रवारी बिनचूक जमा.

हे मी त्यांना सांगितलं का?
सांगितलं. अर्धं.

चौदा तारखेपर्यंत सहाशे बारा विकले गेले.
भाव बेचाळीस.
चढताना शंभर शेअरनं जी पायरी लागत होती
उतरताना ती तीस शेअरनंच मोडत होती.
ऑपरेशन भावाकडून उसने घेऊन झालं.
उरलेल्या शेअरांची वही
आजही माझ्या कपाटात आहे,
त्यांनी घरी नेली नाही.

परवा संध्याकाळी ते आणि मी
जिना उतरत होतो, हळू, त्यांच्या वेगानं.
खाली लुदविना शेवटचा वाटा हाकत होती,
दोनशेचा दीडशे, दीडशेचा शंभर.
माशांचे डोळे अजून चकचकीत होते.
धारगळकर थांबले. म्हणाले,
"इतका पाडतेस कशाला? बर्फात ठेव, उद्या वीक."
तिनं मानही वर केली नाही.
"फाल्यां कोण घेतलो?"

कुणा खानावळवाल्याच्या पोऱ्यानं
नव्वदला उचलला.
तिनं पाटली पालथी करून पाणी झटकलं,
नोटा कमरेला खोचल्या,
आणि सव्वासातची बस
धावत पकडली.

धारगळकर बराच वेळ
ओल्या लादीकडे बघत राहिले,
जिथे आत्ता मासे होते.