गेजची पट्टी

धर्माबादच्या खालच्या अंगाला
गोदावरीचं पाणी अजून आपलंच असतं, असं आम्ही समजतो.
तिथं मी सोळा वर्षं पट्टी वाचतोय.
सकाळी सहा, दुपारी बारा, सांजच्याला सहा.
मीटर, सेंटिमीटर, शेरा.
शेऱ्यात बहुतेक 'निरंक'.

पलीकडून पोशेट्टी येतो, मोपेडवर,
त्यांच्या खात्याचा.
त्याची पट्टी वेगळी, नदी हीच,
तरी महिनाअखेरीला दोन बोटांचा फरक निघतो.
दोन बोटांसाठी नांदेडहून पत्र जातं,
निजामाबादेहून त्याचं उत्तर.
तोवर आम्ही एका काडीवर दोन बिड्या पेटवतो.
तो मला 'बावा' म्हणतो,
माझी धाकटी, नरसाबाई, त्याच्याच गावात दिलीय.

गेटं वर करायच्या दिवशी साहेब लोक येतात,
इकडचे, तिकडचे, आणि दिल्लीचा एक.
सतरंजी, बिस्किटं, पंचनामा.
एकदा दिल्लीवाल्यानं हसत विचारलं,
नदी नेमकी कुणाची हो?
जळबा चहा गाळत होता. म्हणाला,
साखर किती घालू?

रात्री ट्रांझिस्टरवर दूरच्या मुलखांच्या बातम्या.
वरच्या देशानं भिंत घातली,
खालच्यानं सैन्य हलवलं.
पोशेट्टी म्हणतो, बरंय, आपल्याकडं सैन्य नाही.
मी म्हणतो, पाणी तरी कुठंय?

वैशाखात माझ्या पोरीच्या लग्नाला नरसा आली.
हळद उतरायच्या आतच म्हणाली, दादा, पाणी दाखव.
भिंतीवर उभी राहिली.
एका अंगाला गेटाला टेकलेलं हिरवं, गप्प पाणी,
दुसऱ्या अंगाला तिच्या गावापर्यंत
नुसती वाळू, आणि वाळूत झिरे उकरणाऱ्या बाया.
भांडली नाही.
खाली उतरली, चपला काढल्या, पाय बुडवले,
तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन
गळ्यापर्यंत भरला
आणि लग्नातल्या लाडवांच्या पिशवीशेजारी
एसटीत मांडीवर घेऊन गेली.

त्या सांजच्याला मी शेऱ्यात लिहिलं,
'पाच लिटर कमी'.
मग खोडलं. 'निरंक' लिहिलं.
खोडलेलं दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी पोशेट्टीनं माझं रजिस्टर पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग त्याच्या वहीत, पट्टीकडं न बघता,
एक ओळ लिहिली.

सोळा वर्षं मी त्याच्याशी तेलुगू बोलतो.
वाचता येत नाही.