नमुना सतरा

खालिशपूरची गिरणी बंद झाली त्या आठवड्यात
आईनं शेवटचं पोतं घरी आणलं.
तीन वर्षं त्यात तांदूळ होता.
उंदरांनी कोपरा कुरतडला, तिनं शिवला,
पुन्हा कुरतडला, पुन्हा शिवला,
मग मी ते प्रयोगशाळेत नेलं.
फुकटचा सेल्युलोज, सर म्हणाले, आणखी काय हवं.

धुतलं. सोड्यात उकळलं, पांढरं पडेस्तोवर.
पाण्यासकट पोलादी भांड्यात कोंडून
दोनशे अंशांवर आठ तास.
तेवढ्यात मी दोनदा चहा प्यायले
आणि घरी फोन केला.
आई बोलली कमी, खोकली जास्त.

भांडं उघडलं तर करपल्या गुळाचा वास,
गाळून उरलेलं कोऱ्या चहासारखं पाणी.
दिवे घालवले. तो दुसरा दिवा लावला,
ज्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही,
आणि बाटली निळी झाली.
ताग भिजत घातलेल्या डबक्यावर खंड्या झेपावतो
तेवढ्या एका झपक्याचं निळं.
फक्त हे उडून गेलं नाही.

कोळसाच तो. पण इतका बारीक
की पेशीच्या दारात कुणी अडवत नाही.
काचेच्या बशीत फुफ्फुसाच्या पेशी होत्या, रोगट.
कणांच्या पाठीवर औषध बांधून सोडले,
सकाळी एकेक पेशी आतून उजळलेली.
बशीत. अजून फक्त बशीत.
माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतील,
किंवा पोचणारच नाही; सर हे दर सोमवारी सांगतात.

आईच्या छातीतही ताग आहे.
एकतीस वर्षांच्या पाळ्या, श्वासागणिक चिमूटभर.
डॉक्टरनं नळीत फुंकायला लावलं
तर काटा अर्ध्यावरच दमला.
तिथे तो न विचारता गेला.
इथे मी मोजून घालते,
मिलिलिटरमागे पन्नास मायक्रोग्रॅम,
आणि वेळ लिहून ठेवते.

शुक्रवारी सुट्टी होती. तिला घेऊन आले.
जिन्यात तीनदा थांबलो.
अंधार केला, दिवा लावला.
ती बघत राहिली, पदर तोंडाशी धरून,
बाटलीवर श्वास पडू नये म्हणून बहुतेक.
"हे आपलं पोतं?"
"हो."
"कोपऱ्याला माझा दोरा होता, लाल.
तो उसवलास ना आधी?"

वही उघडली.
नमुना सतरा: धुलाई, उकळणी, तापमान, वेळ.
दोऱ्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं.