साय काढलेलं दूध, माणशी, आठवड्याला

वीस मिनिटं. दीडशे शब्द. पेन्सिल त्यांचीच,
खोडरबरही त्यांचाच.
उलान्बातरच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर
अडुसष्ट टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर
तोच एक देश, नाव नसलेला,
जिथे पन्नास वर्षं लोक दूध पीत आलेत.

ठळक रेषा सायीच्या दुधाची.
तुटक रेषा साय काढलेल्या दुधाची.
उभ्या अक्षावर लिटर,
आडव्यावर वर्षं, दहा-दहाच्या ढांगा टाकत.

नरमंदाख बाईंनी हिवाळाभर घोटून घेतलं होतं:
नमनाला घडाभर तेल नको.
एका वाक्यात सांगा आलेख कशाचा,
मग चढली, घसरली, स्थिरावली,
किंचित, लक्षणीय, झपाट्याने.
कारण विचारलेलं नाही, तर कारण देऊ नका.
दुल्मा, तू फार कारणं देतेस, त्या म्हणायच्या.
एकदा लाल शाईने त्यांनी
माझी अख्खी आई खोडली होती.

मी लिहिते: १९७४ साली सायीचं दूध सर्वोच्च पातळीवर होतं.
(कोणी मोजलं? दारोदार माप घेऊन कोण हिंडलं?
आई म्हणे, दूध मोजलं की गाय रुसते.
आम्ही बादलीकडे न बघता बादली उचलायचो.)

त्यानंतर घसरण. आधी हळूहळू,
मग एकदम, जशी
नाही. उपमेला गुण नाहीत.
जशी त्या झूदच्या वर्षी, जेव्हा बर्फाखाली गवत
काचेत बंद झालं होतं,
एकशे चाळीसच्या अकरा झाल्या.
ट्रकमध्ये टाकताना मेंढ्या
लाकडासारख्या वाजत होत्या एकमेकींवर.
त्याचाही आलेख कोणी काढलाच असेल,
स्वच्छ, डावीकडून उजवीकडे उतरणारा,
आणि कुठल्याशा गावात कोणी मुलगी
घड्याळाकडे बघत लिहीत असेल:
संख्येत लक्षणीय घट झाली.
तिचं काय चुकलं? व्याकरण बरोबर आहे.

१९८९ च्या सुमारास रेषा एकमेकींना छेदतात.
हे लिहायलाच हवं, छेदनबिंदूला गुण असतात.
एक वर जाताना, एक खाली येताना.
आमचं घर गुंडाळून घातलेला ट्रक शहराकडे,
समोरून पर्यटकांची पांढरी जीप,
आणि मध्ये एवढासा लाकडी पूल.
त्यांच्यातल्या कोणीतरी हात केला होता.
मीही केला बहुतेक.

आठ मिनिटं, निरीक्षक म्हणतो. त्याचे बूट करकरतात.

शेवटची दहा वर्षं तुटक रेषा सपाट.
यासाठी बाईंचा लाडका शब्द, प्लॅटो.
म्हणजे पठार.
यांच्या इंग्रजीत, जिथे काही घडत नाही
त्याला पठार म्हणतात.
मी पठारावर जन्मले.
तिथे एका दुपारी काय काय घडतं
ते सांगायला दीडशे शब्द कुठले पुरायला?
लिहिते: प्लॅटो.
स्पेलिंगमध्ये शेवटी तीन स्वर, मोजून.

शब्द मोजते. एकशे सेहेचाळीस.
चार हवेत. 'एकंदरीत बदल झाला.'
तीनच झाले.
शेजारचा मुलगा अजून पहिल्याच वाक्यात आहे,
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल.

आज सकाळी बसस्टॉपपर्यंत आई आली होती,
डगल्यात लाकडी पळी लपवून.
बस हलली तशी तिने मागून दूध उडवलं,
निघालेल्याच्या वाटेवर उडवतात तसं.
खिडकीतून दिसलं: वर गेलं, क्षणभर
थांबलं, मग थेंबाथेंबाने
तुटक रेषेसारखं
कोळशाच्या राखेवर उतरलं.

पाकिटातलं होतं. निळ्या पट्टीचं,
साय काढलेलं.
दुकानात तेवढंच उरलं होतं म्हणाली.